घरातील मॉडेल रेल्वेचा वीजपुरवठा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबईतील घरांत मॉडेल रेल्वे मांडणारी मंडळी विजेबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. इंजिन अडखळते, वळणापलीकडे मंदावते, सांधा (गाडीचा मार्ग बदलणारा सरकता रूळ) अर्धाच सरकतो, डब्यातले दिवे लुकलुकतात, अशा तक्रारी आल्या की दोष इंजिनाला दिला जातो. प्रत्यक्षात मूळ बहुतेक वेळा पुरवठ्यात, वायरीत किंवा जोडात असते. उत्तरांच्या तपशिलात शिरण्यापूर्वी एक नियम मनाशी पक्का करावा : भिंतीतले २३० व्होल्ट भिंतीजवळच, बंद अडॅप्टरच्या आत संपले पाहिजेत. लेआउटच्या, म्हणजे रुळांच्या मांडणीच्या, फळीखाली त्यांचा शिरकाव कोणत्याही सबबीखाली होता कामा नये.

रुळांवर नेमके किती व्होल्ट असतात? हात लागला तर शॉक बसतो का?

साध्या डीसी पद्धतीत दोन रुळांमध्ये शून्यापासून सुमारे १२ व्होल्टपर्यंत दाब असतो. तो वाढवला की वेग वाढतो आणि धन-ऋण टोकांची अदलाबदल केली की दिशा बदलते. इंजिनाचे तोंड ज्या दिशेला आहे त्या दिशेने पाहता उजव्या हाताचा रूळ धन असला तर इंजिन पुढे जाते, हा संकेत बहुतेक सर्व उत्पादक पाळतात. डीसीसी या डिजिटल पद्धतीत रुळांवर सदैव पूर्ण दाब असतो. एन या लहान मापाच्या मॉडेलसाठी तो साधारण १२ ते १४ व्होल्ट आणि एचओ या त्याहून मोठ्या मापासाठी १४ ते १६ व्होल्ट ठेवतात.

कोरड्या हाताला एवढ्या दाबाचा शॉक जाणवत नाही. विजेवर चालणाऱ्या खेळण्यांच्या मानकांतही २४ व्होल्ट ही कमाल मर्यादा आहे आणि आपले रूळ तिच्या आतच राहतात. म्हणून या हौसेतला खरा धोका शॉकचा नसून उष्णतेचा आहे. १५ व्होल्टवर ५ अँपिअर प्रवाह एखाद्या सैल जोडातून वाहिला तर ७५ वॅट उष्णता एका ठिकाणी साठू शकते. २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने डाख वितळतो हे लक्षात घेतले, तर प्लॅस्टिकचे स्लीपर (रुळांखालच्या आडव्या पट्ट्या) आणि इंजिनाच्या चाकांचे प्लॅस्टिकचे भाग अशा वेळी का वितळतात ते समजते.

कोणता अडॅप्टर घ्यावा? घरात पडून असलेला चालेल का?

अडॅप्टरच्या पाठीवरची बारीक अक्षरे आधी वाचावीत. तेथे इनपुटसमोर १००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असे लिहिलेले असावे, आउटपुटसमोर व्होल्ट आणि अँपिअर स्पष्ट असावेत, आणि बीआयएसचे (भारतीय मानक ब्युरोचे) चिन्ह नोंदणी क्रमांकासह असावे. चांगल्या अडॅप्टरमध्ये आतील लहान ट्रान्सफॉर्मरमुळे भिंतीची वीज आणि बाहेर येणारी वीज एकमेकींपासून पूर्णपणे वेगळ्या राहतात. आपल्या सुरक्षिततेचा सगळा भार या विभक्तीवर आहे. रस्त्यावर मिळणाऱ्या निनावी अडॅप्टरमध्ये ती कितपत पाळली आहे हे बाहेरून पाहून कळत नाही, त्यामुळे तेथे शे-दोनशे रुपये वाचवू नयेत.

कंट्रोलर (वेग आणि दिशा बदलणारी पेटी) किंवा कमांड स्टेशन (डीसीसीमध्ये इंजिनांना आज्ञा पाठवणारी पेटी) यांच्यासोबत उत्पादकाने अडॅप्टर दिला असेल तर तोच वापरावा. वेगळा घ्यायचा झाल्यास पुस्तिकेत सांगितलेला व्होल्टेज तंतोतंत पाळावा. लॅपटॉपचा अडॅप्टर बहुधा १९ ते २० व्होल्टचा असतो. तो एन मापाच्या लेआउटला देणे म्हणजे मोटारी आणि डीकोडर (डीसीसीच्या आज्ञा वाचणारे इंजिनातील छोटे मंडल) जाळण्याची तयारी करणे होय. अँपिअरचे तसे नाही : ३ अँपिअरचा अडॅप्टर लावला म्हणून इंजिनात ३ अँपिअर घुसत नाहीत, इंजिन आपल्या गरजेपुरताच प्रवाह घेते. मात्र शॉर्ट झाल्यावर अडॅप्टर आपली पूर्ण क्षमता तेथे ओततो, म्हणून विनाकारण १० किंवा १५ अँपिअरचा पुरवठा घेऊ नये.

मुंबईतील लॅमिंग्टन रोडवर सीसीटीव्ही आणि एलईडी पट्ट्यांसाठी जाळीदार पत्र्याच्या पेटीतले एसएमपीएस (२३० व्होल्टचे १२ व्होल्ट करणारे पुरवठे) मिळतात. ते स्वस्त असतात आणि विजेचे कामही नीट करतात, परंतु त्यांच्या एकाच पट्टीवर २३० व्होल्टचे स्क्रू आणि १२ व्होल्टचे स्क्रू शेजारी शेजारी, उघडे असतात. फळीखाली हात घालून वायर चाचपणाऱ्या माणसाच्या घरात अशी वस्तू उघडी असणे मला मान्य नाही. वापरायचाच असेल तर हवा खेळेल अशा बंद पेटीत, पत्र्याला अर्थिंग जोडून, तीन पिनांच्या प्लगसह आणि जाणकार वायरमनकडूनच तो बसवून घ्यावा.

किती अँपिअर पुरेसे होतात?

एन मापाचे आधुनिक इंजिन साधारण ०.१ ते ०.३ अँपिअर घेते. एचओचे इंजिन ०.२५ ते ०.५ अँपिअर घेते, आणि आवाजाचा डीकोडर असून गाडी चढावर असेल तर आकडा आणखी वाढतो. जुन्या मोटारींची भूक याहून मोठी असते. एकाच वेळी दोन एचओ इंजिने आणि दिव्यांचे पाच-सहा डबे चालवायचे असतील तर एकूण दीड अँपिअरच्या आसपास हिशेब येतो. त्यावर निम्मी जादा क्षमता धरून अडीच ते तीन अँपिअरचा पुरवठा घ्यावा. फ्लॅटमधल्या लेआउटला यापेक्षा जास्त क्वचितच लागते.

साधी डीसी पद्धत घ्यावी की डीसीसी?

एकच मार्ग, एकच इंजिन आणि दिवाणाखाली सरकवायची फळी असेल तर डीसी पुरेशी आहे आणि तिच्यात बिघडण्यासारखे फार कमी आहे. दोन गाड्या स्वतंत्र चालवायच्या झाल्या की डीसीमध्ये लेआउटचे विभाग पाडावे लागतात, प्रत्येक विभागाला स्विच लागतो आणि फळीखालचे वायरींचे जाळे झपाट्याने वाढते. डीसीसीमध्ये रुळांवर वीज आणि आज्ञा एकत्र वाहतात. प्रत्येक इंजिनातील डीकोडरला स्वतःचा क्रमांक असतो, नव्या डीकोडरचा तो बहुधा ३ असतो, आणि तो आपल्याला उद्देशून आलेली आज्ञाच पाळतो. दिशा रुळांच्या धन-ऋण टोकांवर अवलंबून नसल्यामुळे दोन गाड्या एकाच रुळावर समोरासमोरही आणता येतात.

ही पद्धत जर्मनीतील लेन्झ कंपनीच्या कामातून उभी राहिली आणि १९९० च्या दशकात अमेरिकेतील नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने तिला मानकाचे रूप दिले, त्यामुळे एका कंपनीचे कमांड स्टेशन दुसऱ्या कंपनीच्या डीकोडरशी बोलू शकते. लेआउट वाढवण्याची थोडीही इच्छा असेल तर सुरुवातीपासून डीसीसीच्या जाडीच्या वायरी टाकून ठेवाव्यात. डीसीला त्यांचा काहीच अपाय होत नाही.

डीकोडर नसलेले जुने इंजिन डीसीसीच्या रुळावर ठेवले तर?

ठेवू नये. ते उभ्या जागी गुणगुणते आणि तापते. विशेषतः लोखंडी गाभा नसलेल्या नाजूक मोटारी यात थोड्या वेळात जळतात. काही जुन्या कमांड स्टेशनांवर असे इंजिन चालवण्याची सोय असली तरी ती टाळलेली बरी.

नातेवाइकांनी अमेरिकेहून किंवा जपानहून कंट्रोलर आणला आहे. तो येथे कसा लावावा?

पुन्हा पाठीवरची अक्षरे पाहावीत. इनपुट १००–२४० व्होल्ट असेल तर फक्त पिनांचा प्रश्न उरतो आणि चांगल्या प्रतीचा बदलप्लग पुरतो. केवळ १२० किंवा १०० व्होल्ट लिहिले असेल तर आपल्या २३० व्होल्टमध्ये तो घातल्याक्षणी ट्रान्सफॉर्मर जळण्याची वाट धरतो. बदलप्लग पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही; परदेशी कंट्रोलर गमावण्याचे हे सर्वांत सामान्य कारण आहे.

अशा कंट्रोलरसाठी स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. अमेरिकेसाठी ११० किंवा १२० व्होल्टचा चालतो, जपानसाठी १०० व्होल्टचाच मागून घ्यावा. बाजारातील बरेचसे स्टेप-डाउन ऑटोट्रान्सफॉर्मर असतात. ते व्होल्टेज उतरवतात, पण भिंतीच्या विजेपासून विभक्ती देत नाहीत. कंट्रोलरचा स्वतःचा ट्रान्सफॉर्मर पुढे असल्याने तेवढ्यावर भागते, मात्र ऑटोट्रान्सफॉर्मरचे टोक थेट कोणत्याही उघड्या मंडलाला जोडणे जीवघेणे ठरू शकते. आणखी एक गोष्ट हर्ट्झची. अमेरिकी ट्रान्सफॉर्मर ६० हर्ट्झसाठी बनवलेले असतात आणि आपल्या ५० हर्ट्झवर ते काहीसे अधिक तापतात. जपानमध्ये पूर्वेकडे ५० आणि पश्चिमेकडे ६० हर्ट्झ असल्याने तिकडची उपकरणे सहसा दोन्ही सोसतात. हे सर्व पाहता, कंट्रोलर साधा असेल तर २३० व्होल्टचा नवा घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

ताकद वाढवण्यासाठी दोन ट्रान्सफॉर्मर एकत्र जोडावेत का?

अजिबात नाही, आणि यामागचे कारण प्रत्येकाने नीट समजून घ्यावे. एसी आउटपुट असलेले दोन ट्रान्सफॉर्मर एकाच रुळाला किंवा एकाच सामाईक मंडलाला समांतर जोडले आहेत असे धरू. आता एकाचा प्लग भिंतीतून काढला. दुसऱ्याचे १६ व्होल्ट रुळांमार्फत या बंद ट्रान्सफॉर्मरच्या कमी दाबाच्या बाजूने आत शिरतात आणि तो उलट दिशेने काम करू लागतो. परिणामी हातात धरलेल्या, भिंतीतून काढलेल्या प्लगच्या उघड्या पिनांवर २३० व्होल्टच्या आसपास दाब येतो. लहान मूल तो प्लग हातात घेऊ शकते. जुने मार्कलिन तीन-रूळ संच एसीवर चालत, त्यामुळे वारशाने आलेले दोन संच जोडून मोठा लेआउट करणाऱ्यांनी हे आवर्जून ध्यानात ठेवावे. जास्त ताकद लागत असेल तर लेआउटचे विद्युतदृष्ट्या वेगळे भाग करावेत आणि प्रत्येक भागाला एकच पुरवठा द्यावा.

कंट्रोलरजवळ गाडी छान धावते, पण पलीकडच्या टोकाला मंदावते. इंजिन खराब आहे का?

इंजिन बहुतेक ठीक असते. वीज तेथवर पोहोचत नसते. रूळ ज्या निकेल सिल्व्हर धातूचे असतात त्याचा रोध तांब्याच्या पंधरा पटींहून अधिक असतो, आणि रुळाचे दोन तुकडे जोडणारी धातूची छोटी पट्टी, म्हणजे फिशप्लेट, तर केवळ घट्ट बसल्यामुळे वीज नेते. ती सैल झाली, तिच्यात गंज किंवा रंग शिरला, की वीज तेथेच अडते. म्हणून रुळांवरून वीज लांब नेऊ नये. फळीखालून मार्गाबरोबर जाणाऱ्या दोन जाड वायरी टाकाव्यात, त्यांना बस म्हणतात, आणि त्यांतून दर मीटर-दीड मीटरवर रुळाला बारीक जोडवायरी द्याव्यात. आदर्श म्हणजे रुळाचा प्रत्येक तुकडा स्वतःच्या जोडवायरीवर जगला पाहिजे, फिशप्लेटच्या भरवशावर नव्हे.

बससाठी १.५ चौरस मिलिमीटरची लवचिक तांब्याची वायर घरगुती लेआउटला पुरते. इलेक्ट्रिकच्या दुकानात ती 'दीड एमएम' म्हणून मागितली जाते. जोडवायरी ०.५ चौरस मिलिमीटरच्या चालतात, पण त्या वीतभरापेक्षा फार लांब नसाव्यात. आकड्यांत पाहू. कंट्रोलरपासून टोक ६ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन १२ मीटर वायर होते. ०.५ ची वायर वापरली तर तिचा रोध सुमारे ०.४३ ओहम भरतो आणि २ अँपिअरला ०.८ व्होल्टहून अधिक वायरीतच खर्च होतात. दीडच्या वायरीत हीच घट ०.३ व्होल्टच्या आत राहते.

चाचणीसाठी मोटारसायकल-कारच्या दुकानात मिळणारा १२ व्होल्ट, २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब घ्यावा आणि त्याला दोन वायरी डाखून टोकांना मगरचिमटे लावावेत. हा बल्ब १२ व्होल्टवर पावणेदोन अँपिअर घेतो, म्हणजे जड गाडीइतका भार झाला. रुळांवर १२ व्होल्ट ठेवून आधी कंट्रोलरजवळ तो रुळांना लावावा आणि बल्ब पेटलेला असताना मल्टिमीटरने रुळांवरचे व्होल्ट मोजावेत, मग दर हातभर पुढे सरकत तेच करावे. चांगल्या लेआउटवर आकडा हळूहळू थोडासा उतरतो. एखाद्या जोडापलीकडे तो एकदम ११.६ वरून १०.२ वर आला आणि बल्ब पिवळसर पडला, तर दोष त्याच जोडात आहे. बल्ब न लावता मोजले तर सगळीकडे १२ व्होल्टच दिसतात आणि दोष लपून राहतो, कारण प्रवाह वाहिल्याशिवाय दाब घटत नाही. डीसीसीवर साधा मल्टिमीटर एसीच्या खुणेवर ढोबळच आकडा दाखवतो, तरी दोन जागांमधील फरक ओळखायला तो पुरतो.

शॉर्ट झाल्यावर पुरवठा तुटेल याची खात्री कशी करावी?

नाण्याने. दहा रुपयांचे नाणे २७ मिलिमीटर व्यासाचे असते आणि एचओच्या १६.५ मिलिमीटर रुळांवर ते आडवे ठेवता येते. लेआउट चालू ठेवून प्रत्येक विभागात, सांध्यांच्या पलीकडे आणि विशेषतः सर्वांत दूरच्या टोकाला नाणे टेकवावे. कमांड स्टेशनने तत्काळ पुरवठा तोडला पाहिजे. तो तुटला नाही तर नाणे लगेच उचलावे, कारण ते तापू लागते.

न तुटण्याचे कारण वरच्या उत्तरातच आहे. वायरी आणि जोड मिळून ४ ओहम रोध असेल तर १५ व्होल्टवर शॉर्टमध्येही पावणेचार अँपिअरच वाहतात. ५ अँपिअरला तुटणाऱ्या कमांड स्टेशनला तो शॉर्ट वाटतच नाही, ती एक जड गाडी वाटते. त्याच वेळी ५६ वॅट उष्णता वायरी आणि जोडांमध्ये साठत राहते. जाड वायर वेगासाठी तर हवीच, पण तिचे मोठे काम हे आहे. जोडीला प्रत्येक विभागात योग्य अँपिअरचा फ्यूज किंवा आपोआप पूर्ववत होणारा पॉलिफ्यूज घालावा.

मार्ग फिरून स्वतःलाच मिळाला की शॉर्ट का होतो?

अशा वळशात डावा रूळ फिरून उजव्या रुळाला येऊन भिडतो. वळशाची दोन्ही टोके, दोन्ही रुळांवर, तोडून विद्युतदृष्ट्या वेगळी करावीत आणि वळसा गाडीच्या पूर्ण लांबीपेक्षा मोठा ठेवावा. डीसीसीत धन-ऋण टोके आपोआप उलटवणारे ऑटो-रिव्हर्सर यंत्र मिळते. डीसीत हे काम दुहेरी स्विचने हाताने करावे लागते.

सांधे बदलणाऱ्या मोटारींना रुळांचाच पुरवठा द्यावा का?

शक्यतो वेगळा द्यावा. कॉइलवर चालणारी सांध्याची यंत्रे क्षणभर काही अँपिअर ओढतात, आणि त्या क्षणी रुळांचा दाब ढासळला तर आवाजाचे डीकोडर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. कपॅसिटरमध्ये वीज साठवून एका झटक्यात सोडणारे सीडीयू मंडल येथे फार उपयोगी पडते : झटका जोरकस मिळतो आणि बटण दाबलेले राहिले तरी कॉइल जळत नाही. हळू सरकणाऱ्या मोटारी मात्र काही मिलिअँपिअरवर भागवतात आणि लहान अडॅप्टरवर अनेक चालतात.

स्टेशन आणि इमारतींचे दिवे?

त्यांनाही वेगळा १२ व्होल्ट डीसी अडॅप्टर द्यावा. प्रत्येक एलईडीला स्वतःचा रोधक लावावा. १२ व्होल्टवर पांढऱ्या एलईडीसाठी १ किलोओहम योग्य आहे आणि त्यातून सुमारे ९ मिलिअँपिअर वाहतात.

लोकलसारखी ओव्हरहेड वायरमधून वीज देता येईल का?

देता येते, परंतु करू नये असे माझे मत आहे. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला पहिली विजेची गाडी १,५०० व्होल्ट डीसीवर धावली. आज ठाण्याच्या फलाटावरून दिसणाऱ्या तारेत २५,००० व्होल्ट एसी असतात, कारण दाब जास्त असला की त्याच शक्तीला कमी प्रवाह आणि पातळ तार पुरते. मॉडेलमध्ये दाब वाढवता येत नाही, बारीक तार आणि पँटोग्राफ (इंजिनाच्या छपरावरून तारेतली वीज घेणारा सांगाडा) यांचा स्पर्श नीट जुळवणे कष्टाचे असते, आणि धूळ बसली की ठिणग्या उडतात. तार शोभेसाठी जरूर ओढावी, वीज रुळांतूनच घ्यावी.

पावसाळ्यात गाड्या अडखळतात. काय करावे?

वाशी, ऐरोली, कोपरी अशा खाडीलगतच्या भागांत जून ते सप्टेंबर रुळांवर पटकन काळी पुटे चढतात. सुती कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन रूळ आणि चाके दोन्ही पुसावीत. नुसते रूळ पुसले तर चाकांवरचा मळ दोन फेऱ्यांत परत येतो. पॉलिश पेपर टाळावा, त्याच्या ओरखड्यांत मळ अधिक धरतो. अल्कोहोल ज्वलनशील असल्याने पुसताना पुरवठा बंद ठेवावा आणि रूळ कोरडे झाल्यावरच सुरू करावा. फळी बाहेरच्या ओलसर भिंतीला टेकवून ठेवू नये, आणि विजांचा कडकडाट सुरू झाला की अडॅप्टर भिंतीतून काढून ठेवावेत.

वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर किंवा बॅटरीवर लेआउट चालतो का?

एसएमपीएस अडॅप्टर इन्व्हर्टरवर सहसा चालतात. जुने लोखंडी गाभ्याचे ट्रान्सफॉर्मर चौकोनी लहरींच्या इन्व्हर्टरवर घुमतात आणि तापतात. संगणकाच्या यूपीएसमधील १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची बॅटरी थेट रुळांना जोडण्याचा मोह टाळावा, कारण शॉर्ट झाल्यास ती बॅटरी शेकडो अँपिअर देऊ शकते. वापरायची असेल तर धन टोकाला लागूनच फ्यूज हवा.

महावितरणच्या बिलात किती भर पडते?

६० वॅटचा पुरवठा पूर्ण भारावर दोन तास चालला तर ०.१२ युनिट होते.

वायरमनची गरज कुठे आहे?

अडॅप्टरच्या पुढचे सर्व काम आपण करू शकतो. त्याच्या मागचे, म्हणजे नवा प्लग पॉइंट, अर्थिंग आणि स्विचबोर्ड, परवानाधारक वायरमनकडे सोपवावे. जुन्या इमारतींत तीन पिनांच्या सॉकेटमध्ये अर्थिंगची वायर जोडलेलीच नसते, ते तपासून घ्यावे. घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर ती बसवून घ्यावी, मात्र ती भिंतीच्या बाजूचेच रक्षण करते. फळीखालचा शॉर्ट तिला कळत नाही. लेआउटचे सगळे अडॅप्टर दिवा असलेल्या एकाच स्विचवर आणावेत. तसेच रुळांच्या वायरींना भिंतीच्या सॉकेटमध्ये बसेल असा दोन पिनांचा प्लग कधीही लावू नये, कारण मूल तो भिंतीत घालू शकते. फळीचे भाग जोडण्यासाठी सॉकेटमध्ये जाऊच शकणार नाहीत असे वेगळ्या आकाराचे कनेक्टर वापरावेत.